साठापैकी बावन्न

घर गुप्त होतं. इतकं गुप्त, की पहिल्या दिवशी रस्ता चुकलेल्या मुलीने कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात "इथे जवळपास एक संस्था..." एवढंच म्हटलं, तर हातातला पानाही खाली न ठेवता दुकानदार म्हणाला, "ते बायकांचं गुप्त घर ना? डावीकडची दुसरी गल्ली, हिरवं फाटक. बेल बंद आहे, कडी वाजवा." तिने कडी वाजवली. आत गेल्या गेल्या तिच्याकडून एका तीन पानी कागदावर सही घेण्यात आली, की या घराचा पत्ता ती जन्मदात्या आईबापांनाही सांगणार नाही. तिने सही केली आणि खरोखरच सांगितला नाही. अख्ख्या शहरात तो पत्ता इमानाने लपवणारी बहुधा ती एकटीच असावी.

मुलगी समाजकार्याचं शिकत होती. पदवी हातात पडण्याआधी कुठल्यातरी संस्थेत सहा आठवडे 'निरीक्षण' करायचं, असा कॉलेजचा दंडक होता. नवऱ्याच्या, सासरच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांचं हे आश्रयघर तिच्या वाट्याला आलं. तिने कोरी, जाड पुठ्ठ्याची वही आणली होती आणि पहिल्या अर्ध्या तासात ती इतक्या वेळा उघडली, की घरातल्या बायकांनी तिचं नाव 'वहीवाली' ठेवून टाकलं. खरं नाव विचारायच्या भानगडीत पुढे कोणी पडलं नाही.

घर चालवणाऱ्या बाई म्हणजे मॅडम. गळ्यात साखळीचा चष्मा, समोर दोन फोन, आणि दोन्ही एकाच वेळी वाजत असले तरी तिसऱ्याच माणसाशी बोलायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीवालीला समोर बसवून कामाची कल्पना दिली. "हे बघ, तू निरीक्षण करायचंस. मदत करायची नाही. मदत करायला आम्ही आहोत."

मदत कशी चालते हे भिंतीवर लिहून लावलेलं होतं. बाहेर जायचं तर परवानगी घ्यावी. नोंदवहीत कारण लिहावं. परतायची वेळ लिहावी आणि ती पाळावी. फोन कार्यालयातल्या कपाटात जमा करावा, दिवसातून एकदा वीस मिनिटांसाठी मिळेल. संध्याकाळी सहानंतर फाटक बंद. पाहुणे नकोत. आवाज चढवू नये. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: 'हे सर्व आपल्याच सुरक्षिततेसाठी आहे.'

वहीवाली ते वहीत उतरवून घेत असताना मागून एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीकडे झुकलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात एका भल्यामोठ्या पातेल्याचं झाकण.

"लिही, लिही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचेही अगदी हेच नियम होते. शब्द न् शब्द. फक्त त्याने लॅमिनेट केले नव्हते."

ही ड्रायव्हरबाई. अजून ड्रायव्हर झालेली नव्हती, पण व्हायचीच होती. बस आगाराने बायकांसाठी जड वाहनाच्या प्रशिक्षणाची तुकडी काढली होती, त्यात तिचा नंबर लागला होता. रोज सकाळी ती नोंदवहीत 'कारण: बस' असं लिहून जायची आणि अकराला परत यायची. परीक्षेला नऊ आठवडे होते. पास झाली की परवाना, आणि परवाना मिळाला की आगारातच नोकरी, असं तिथल्या साहेबाने लेखी दिलं होतं. तो कागद ती उशीच्या अभ्र्यात ठेवायची. दुपारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पातेल्याचं झाकण दोन्ही हातांत धरायची आणि वळणं घ्यायची. "मागं सरका गं, मागं सरका, बस वळतेय," असं ती ओरडली की भांडी घासणाऱ्या बायका खरोखर मागे सरकायच्या.

दोनच आठवड्यांत वहीवालीच्या लक्षात आलं, की घर मॅडम चालवतात हा एक लोकप्रिय समज आहे. स्वयंपाकाच्या पाळ्या ड्रायव्हरबाई लावायची. नळ गळला तर तीच पाना घेऊन बसायची. नवी बाई आली, की मॅडम तिला नियम वाचून दाखवायच्या आणि ड्रायव्हरबाई तिला गरम पाणी काढून द्यायची. मारुतीच्या शेपटीसारख्या लांबलेल्या त्या नियमांमधून बाई जेव्हा न्हाणीघरापर्यंत पोचायची, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव यायचा.

मॅडम वाईट होत्या असं मुळीच नाही. चौदा पलंग, आणि रोज येणारे फोन त्याच्या दुप्पट. कोणाला घ्यायचं आणि कोणाला 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणायचं हे ठरवणारी त्या जागी कोणीही असती, तरी तिला कागदाचा आधार लागलाच असता. मॅडमचा आधार एक तक्ता होता. नाव 'सक्षमता-मापन तक्ता'. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण साठ. पंचविसाच्या खाली म्हणजे 'तातडीच्या आधाराची गरज'. पंचवीस ते चाळीस 'प्रगतिपथावर'. चाळिसाच्या वर 'सक्षम'. बाईचा स्वतःविषयीचा अंदाज त्यात विचारात घेतलेला नव्हता, कारण तक्ता शास्त्रीय होता.

"आता तू भरायला शीक," तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या. "पण आधी हात बसू दे. घरी जाऊन कोणावर तरी करून बघ. साध्या, चांगल्या घरातल्या बाईवर. म्हणजे चांगले गुण कसे दिसतात ते कळेल."

साधी, चांगल्या घरातली बाई वहीवालीला शोधावी लागली नाही. आई शनिवारी दुपारी शर्टांना इस्त्री करत होती.

वहीवालीचे बाबा फार सज्जन. हात उगारणं सोडाच, ते आवाजसुद्धा चढवत नसत. चढवायची वेळच कधी आली नव्हती. नातेवाइकांत त्यांचं उदाहरण द्यायचे. आईसुद्धा द्यायची.

"घराबाहेर पडताना कोणाला विचारावं लागतं का?" वहीवालीने वाचलं.

"विचारावं कशाला लागतंय? सांगून जाते मी."

"आणि ते नको म्हणाले तर?"

"तर नाही जात." आईने कॉलर उलटी केली. "पण विचारावं असं काही नाही लागत."

"एकटीने शेवटचा प्रवास कधी केलात? असं लिहिलंय हं इथे, 'केलात'."

"मावशीच्या ऑपरेशनला निघाले होते ना. पिशवी भरली होती. पण बाबा म्हणाले, एकटी कशाला, दोन दिवस थांब, मीच सोडतो. काळजी असते त्यांना." आई हसली. "दोन दिवसांनी मावशीच घरी आली."

"घरी कोणाला राहायला बोलवायचं तर परवानगी घ्यावी लागते का?"

"कोणाला बोलावणार आहे मी?"

"मनाविरुद्ध काही झालं तर काय करता?"

आईने थोडा विचार केला. "कपाटं आवरते."

"कोणाची भीती वाटते?"

"भीती कसली मेली! आपल्याच घरात?" इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ थांबली आणि आईने ती घाईने उचलली. "त्यांचा चेहरा पडला की मला जेवण जात नाही, एवढंच."

वीस प्रश्न झाले. वहीवालीने बेरीज केली. मग खालून वर केली. मग बोटांवर केली. तिन्ही वेळा बावीसच आले. पहिल्यांदाच भरतोय, आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिने मनाला बजावलं. हा तक्ता असल्या घरांसाठी नाहीच मुळी.

"झाले का मी पास?" आईने विचारलं.

"झालीस की," वहीवाली म्हणाली आणि तो कागद वहीच्या शेवटच्या पानात सरकवला.

सोमवारी मॅडमनी तिच्या हातात ड्रायव्हरबाईचा तक्ता दिला. वहीवालीने तो असा भरला, जसं कोणी आवडत्या मैत्रिणीच्या लग्नाचं सामान भरावं. 'निर्णय स्वतः घेते का?' तीन. 'हसते का?' इथे तीनपेक्षा जास्त द्यायची सोय नव्हती, म्हणून तीन. 'भविष्याविषयी बोलते का?' तीन, आणि समासात बारीक अक्षरात 'बसचा हॉर्नसुद्धा वाजवते, तोंडाने'. झोपेच्या आणि दचकण्याच्या प्रश्नांना मात्र कमी द्यावे लागले. एरवी कोणाला न भिणारी ही बाई दारावर जोरात थाप पडली की अजून हातातलं सोडून देते, हे तिने पाहिलं होतं. तरी बेरीज झाली बावन्न.

संस्थेच्या इतिहासात बावन्न कोणालाच पडले नव्हते. मॅडमनी खुर्चीतून उठून वहीवालीची पाठ थोपटली. वार्षिक अहवालासाठी ड्रायव्हरबाईचा फोटोही काढला. गुप्तता असल्यामुळे फक्त हातांचा. झाकण धरलेल्या हातांचा.

मग त्यांनी तक्ता उलटला, मागच्या बाजूला शिक्का मारला आणि तारीख घातली. पुढच्या सोमवारची.

"ही कसली तारीख?" वहीवालीने विचारलं.

"पलंग सोडायची. सक्षम झाल्या ना त्या. चाळिसाच्या वर गेलं की सात दिवसांत जागा मोकळी करायची." मॅडमनी चष्मा वर केला. "मागचं वाचलं नाहीस?"

मागचं तिने वाचलं नव्हतं. वीस प्रश्न पाठ झाले होते, पण कागदाला दुसरी बाजूही असते हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. त्या तारखेनंतरही परीक्षेला पाच आठवडे उरत होते.

तिने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. माझी चूक झाली, म्हणाली. मला भरता येत नाही, मी कच्ची आहे, मी पुन्हा भरते, दहा गुण कमी करते. झोपेत दचकतात त्या, ते मी नीट धरलंच नाही.

"गुण कमी करता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "गुण कमी झाले म्हणजे इथे राहून बाई बिघडली असं होतं. तसं आमच्याकडे आजवर झालेलं नाही."

"मग पाच आठवडे वाढवून?"

"मुदत वाढते ती पंचविसाच्या खाली असेल तर."

"आणि सोडून गेल्यावर पुन्हा प्रवेश?"

"नवी घटना लागते. मागच्या सात दिवसांतली. डॉक्टरच्या कागदासकट." एवढं बोलून झाल्यावर ते आपल्याच कानांना कसं ऐकू आलं, हे मॅडमच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी टेबलावरचा एक फोन वहीवालीकडे सरकवला. "हिच्याशी बोल तू. न्हाणीघरात कोंडून घेऊन बोलतेय. बाहेर नवरा उभा आहे. तीन दिवस मी तिला सांगतेय, जागा होतेय, होतेय. बोल. सांग तिला की आमची एक बाई फार छान बस चालवते, म्हणून तू थांब."

वहीवालीने फोन उचलला नाही. मॅडमनीच ओढून घेतला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "हां बाळा, बोल. सोमवारी. नक्की."

ड्रायव्हरबाईला हे सांगायचं काम अर्थातच कोणी मागून घेतलं नाही. वहीवालीने ते अंगावर घेतलं. ती सांगत असताना ड्रायव्हरबाई कांदे चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कोणालाच लागला नाही.

"बावन्न?" ती म्हणाली. "शाळेत मला कधी पस्तिसाच्या वर नाही पडले."

"ताई, माझ्यामुळे झालं हे."

"तू खरं तेच लिहिलंस ना?"

"हो."

"मग झालं तर. रडलं की गुण कमी पडतात हे कळलं असतं तर रडलेही असते मी रोज थोडी थोडी. कोणी सांगितलं नाही." तिने सुरी बाजूला ठेवली. "भावाकडे जाईन. भाऊ चांगला आहे माझा. दोनदा घर सोडून त्याच्याकडे गेले, दोन्ही वेळा प्रेमाने ठेवून घेतलं. चार दिवस. पाचव्या दिवशी स्वतः नवऱ्याकडे नेऊन सोडलं. फळं घेऊन गेला होता बरोबर, रिकाम्या हाताने नको म्हणून."

"आणि बस?"

"त्याच्या गावात बस नाही."

नोकरदार बायकांच्या वसतिगृहात वहीवाली स्वतः जाऊन आली. तिथे राहायला नोकरीचं पत्र लागत होतं. नोकरीला परवाना लागत होता, परवान्याला पाच आठवडे लागत होते आणि पाच आठवड्यांना एक पलंग लागत होता. पलंगाचं विचारल्यावर वसतिगृहाच्या बाईंनी तिला मोठ्या आपुलकीने एका गुप्त घराचा पत्ता लिहून दिला.

शनिवारी ती आईजवळ बसली. आईच्या घरात मागची एक खोली होती. तिथे बाबांची व्यायामाची सायकल असायची आणि तिच्यावर गेली चार वर्षं टॉवेल व्यायाम करत होते. वहीवालीने सगळं सांगितलं. फक्त पत्ता सांगितला नाही. सही केली होती ना.

आईने मध्ये एकदाही तोडलं नाही. "आणू या की," ती म्हणाली. "पाच आठवडे म्हणजे काय! खोली झाडून घेते. गादी आहेच वरती." ती उठलीसुद्धा. मग दारापाशी थांबली. "बाबांना विचारते फक्त."

प्रश्न क्रमांक चार, परवानगीचा. वहीवालीच्या तोंडाशी आला होता, तो तिने गिळला.

रविवारी दुपारी जेवताना आईने विचारलं. चांगला वेळ बघून, दुसऱ्यांदा वाढल्यानंतर, आवाजात जरा गंमत आणून. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेत.

"कोण कुठली बाई, तिचा नवरा उद्या दारात येऊन बसला म्हणजे? तिथे संस्था आहे, मॅडम आहेत, ते त्यांचं काम आहे. तू दगदग करून घेऊ नकोस, तुझंच बीपी वाढतं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मी नाही म्हणत नाहीये हं. पण नको."

"बरं," आई म्हणाली, आणि विषय संपला. वहीवालीला ताटावरून उठावंसं वाटलं. बाबांचा राग आला, आईचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यांत जास्त आला त्या 'बरं'चा. इतकं गुळगुळीत 'बरं' तिने आश्रयघरात कोणाकडूनही ऐकलं नव्हतं. तिथल्या बायका निदान भांडी आपटत.

बाबा पेपर घेऊन आडवे झाल्यावर आई ओटा पुसता पुसता म्हणाली, "त्या दिवशी मला किती पडले होते गं?"

"कशात?"

"तुझ्या त्या वीस प्रश्नांत."

वहीवालीला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालंच होतं. "बावीस," ती म्हणाली.

"साठापैकी?"

"हो."

"पास म्हणालीस."

वहीवालीने कोरडं ताट उचलून फळीवर लावलं.

"आणि तिला?"

"बावन्न."

आईने फडकं पिळलं, झटकलं, दांडीवर पसरलं, मग पुन्हा काढून पुन्हा पिळलं. "किती असले की ठेवतात तिथे?"

"पंचविसाच्या खाली."

"म्हणजे मला ठेवतील," आई म्हणाली. तिला हसायचं होतं बहुतेक, पण ते जमलं नाही. मग ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत कपाटं आवरत राहिली.

सोमवारी वहीवाली आश्रयघरात पोचली ती मान खाली घालूनच. ड्रायव्हरबाई कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसली होती. एक बॅग, एक कापडी पिशवी. बाकीच्या बायका घोळक्याने दाराशी उभ्या होत्या. आज स्वयंपाकाची पाळी कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं.

"विचारलं होतं घरी," वहीवाली म्हणाली. "जमत नाहीये, ताई."

"अगं, असू दे," ड्रायव्हरबाई म्हणाली. "विचारलंस, हेच खूप झालं." तिने घरातल्या एकेकीला स्वयंपाकघरातलं सांगायला सुरुवात केली. गळणारा नळ कुठल्या बाजूला पिळायचा. नव्या बाईला पाणी गरम द्यायचं, पण फार गरम नाही, कारण जखमा असतात. भाऊ अकराला घ्यायला येणार होता.

दहाला कडी वाजली. भाऊ लवकर आला असं सगळ्यांना वाटलं आणि ड्रायव्हरबाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

आत आली ती वहीवालीची आई. बाहेर जायची चांगली पर्स खांद्याला, केस ओले, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. एक निळी, एक काळी.

"आई! तुला पत्ता कोणी दिला?"

"टॅक्सीवाल्याला म्हटलं, बायकांचं ते गुप्त घर. त्याने सोडलं." आईला धाप लागली होती. "एकटीच आले मी," हे तिने सगळ्यांना उद्देशून सांगितलं.

मॅडम बाहेर आल्या. आईने 'मला अमुक अमुक बाईंना पाच आठवडे घरी न्यायचं आहे' असं एका दमात म्हणून टाकलं. टॅक्सीत पाठ केलेलं असावं. मॅडमनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, चपलांवर क्षणभर थांबल्या, पण घर चांगलं दिसतंय असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी खणातून एक फॉर्म काढला. या घराला फॉर्मची ददात कधीच पडली नाही.

"इथे नाव, इथे पत्ता. आणि इथे खाली कुटुंबप्रमुखाची सही लागेल. तुमच्या मिस्टरांना बोलावता का? नाहीतर घरी नेऊन सही करून आणा, मग नेता येईल त्यांना."

सगळ्या बायका आईकडे बघू लागल्या. वहीवालीने मनाशी धरलंच. आता ही म्हणणार, बरं.

आईने पेन घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. 'कुटुंबप्रमुख' या शब्दावर पेन टेकवून ती जरा वेळ थांबली. मग तिने तिथे सही केली. तिची सही लांबलचक होती, शाळकरी वळणाची, एकेक अक्षर सुटं. वापरात नसलेल्या सह्या तशाच राहतात. ती दुसऱ्या कोणाची आहे असा आंधळ्यालाही संशय आला नसता.

मॅडमनी फॉर्म वाचला. सही वाचली. आतला फोन वाजत होता, कदाचित न्हाणीघरातून. मॅडमनी शिक्का शाईत दाबला आणि फॉर्मवर मारला, आणि या घरात पहिल्यांदाच एकही सूचना न करता आत निघून गेल्या.

फाटकापाशी नोंदवही होती. ड्रायव्हरबाईने सवयीने पेन उचललं, 'कारण' या रकान्यात 'बस' लिहिलं आणि 'परतायची वेळ' मोकळी सोडली. अकराला येणाऱ्या भावाला काय सांगायचं ते बायकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

टॅक्सीत तिघी मागेच बसल्या. पातेल्याचं झाकण ड्रायव्हरबाईच्या मांडीवर होतं. ते तिला बायकांनी बळेच दिलं होतं आणि त्या पातेल्यावर आता ताट झाकावं लागणार होतं.

"ताई," ड्रायव्हरबाई आईला म्हणाली, "तुमचे साहेब काय म्हणाले?"

"नको म्हणाले," आई म्हणाली.

ड्रायव्हरबाईने मान हलवली. असल्या 'नको'चा तिला बारा वर्षांचा अनुभव होता. "किती वाजता येतात?"

"सहाला."

"मग मी साडेपाचला निघते. तोवर भावाला फोन करून..."

"नाही," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तिने तो कापू दिला. "सहाला आले की त्यांना चहा लागतो. आज चौघांचा टाकते."